कानात तेल, समोर समुद्र

मित्रांनो, साकोलीच्या एका लहान दवाखान्यात, टेबलाच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. मी कान तपासायचे एक जुने यंत्र आहे. डॉक्टर मला ऑटोस्कोप म्हणतात, गावोगावचे लोक कानाची बॅटरी म्हणतात. मला दुसरे नाव अधिक आवडते, म्हणून मीही स्वतःला बॅटरीच म्हणते.

माझा दांडा धातूचा आहे. त्यात दोन सेल बसतात. डोक्यावर एक भिंग, त्याच्यामागे तांदळाएवढा दिवा आणि पुढे कानात घालायची काळी, निमुळती नळी. कारखान्यात मला अंधारात पेटवून पाहिले आणि डब्यात बंद केले. तो डबा उघडला डॉक्टर रिता यांनी. तेव्हा त्याही तरुण होत्या.

पहिली वर्षे धावपळीत गेली. शाळाशाळांतून तपासणी शिबिरे होत. मुलांच्या कानांतून मणी, हरभरे, पेन्सिलीची टोके निघत. मळणीच्या दिवसांत धानाचे तूस निघे. एका मुलीच्या कानात गोचीड सापडली, तेव्हा अख्खा वर्ग मला पाहायला लोटला होता. शिक्षकांनी माझे नाव फळ्यावर लिहिले होते.

आता थकले आहे. बटण दोनदा दाबावे लागते. एकदा सेल आतच गळले आणि स्प्रिंगला गंज चढला. मोठ्या दवाखान्यांत कानाचे चित्र टीव्हीवर दाखवणारे कॅमेरे आले. माझ्यासमोर मात्र रोज तेच येते: मळ, पू, बुरशी आणि तेल. मित्रांनो, तेलाचा मला सर्वांत जास्त कंटाळा आहे. आमच्या भागात कान दाखवायला निघाले की घरातली बाई आधी त्यात लसूण तळलेले कोमट तेल सोडते. पाहुणा येणार म्हणून अंगण झाडावे, तशा मायेने सोडते. मग मला नुसती चमक दिसते.

यंदाच्या उन्हाळ्यात एकोडीची दामिनी आली. ती इथल्याच एका शाळेत शिकवते. सोबत तिची आई, जनाबाई. मैत्रिणींबरोबर अंदमानला जाऊन दामिनीला समुद्रात बुडी मारायची होती, पाठीवर हवेची टाकी बांधून. त्याला स्कुबा म्हणतात. तिथल्या लोकांनी आधीच तब्येतीचे प्रश्न पाठवले होते. लहानपणी कान वाहत असे, हे तिने खरेखरे कळवले. म्हणून त्यांनी डॉक्टरांची सही मागितली होती.

"कायले जातं एवढ्या खोल पाण्यात?" जनाबाई म्हणाल्या. "आपल्या तलावात का पाणी कमी आहे?"

"माय, तलावात गाळ दिसते. तिथं रंगीत मासे दिसतेत."

"मासे तं बजारातबी दिसतेत."

डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब पाहिला. दोन्ही चांगले होते. मग मला डाव्या कानात घातले. पडदा मोत्यासारखा होता. दामिनीने नाक दाबून हळूच फुंकले, तेव्हा तो हललाही. उजव्या कानात मात्र चमकच चमक.

"जनाबाई, तेल टाकलं का?"

"टाकलं नं मॅडम, सकाळीच. म्हटलं, तुमाले सोपं जाईन."

"सही करून द्या नं मॅडम," दामिनी म्हणाली. "एक कान चांगला आहे, तं दुसराबी असन. परवा गाडी आहे."

बाहेर रोग्यांची रांग होती. डॉक्टरही दमल्या होत्या. त्यांनी पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात दामिनी आईकडे वळून हसली. "काय तेल टाकलं बाई तू! लसूण अजून घशात लागून राहिला."

डॉक्टर थांबल्या. "घशात?"

"हो. लहानपणापासून लागते. सगळ्याइलेच लागते नं?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

कानाच्या पडद्यापलीकडून घशात एक नळी उतरते; पण पडदा अखंड असेल, तर त्यातून थेंबही पलीकडे जात नाही. तेल घशात उतरत असेल, तर मध्ये वाट असली पाहिजे. डॉक्टरांनी कापसाच्या वातीने तेल टिपून घेतले आणि मला पुन्हा आत नेले. पडद्याच्या खालच्या भागात मोहरीएवढे छिद्र होते.

"तलावात बुडी मारतेस का?"

"मारते नं."

"मग काय होतं?"

दामिनी जरा घुटमळली. "पाणी थंडं असलं का गरगरते. एकदा वर कोणतं, खाली कोणतं, समजलंच नाही. वर आली असं समजून हात मारला, तं हाताले गाळ लागला."

"मले कधी सांगतलं नाही तू!" जनाबाई ओरडल्या.

"सांगतलं असतं, तं जाऊ देलं असतं काय?"

डॉक्टरांनी पेन बंद केले. छिद्रातून थंड पाणी आत गेले, की तोल सांभाळणारा भाग गोंधळतो, हे त्यांनी समजावले. "तलावात तुझ्या हाताला गाळ लागला, म्हणून तुला कळलं. समुद्रात काय लागणार? मी सही करणार नाही."

"तुमची बॅटरीच जुनी झाली मॅडम. उजेड पिवळा पडला. नीट दिसलं नसन."

मला राग आला नाही. उलट वाटले, तसेच असावे, चूक माझीच निघावी. डॉक्टरांनी माझ्यात नवे सेल घातले आणि मला पुन्हा त्याच कानात नेले. माझा उजेड पांढरा झाला. छिद्राच्या कडा आता अधिकच स्पष्ट दिसल्या.

दामिनीच्या फोनवर मैत्रिणींचे निरोप येत होते. तिने फोन उलटा ठेवला.

"माह्या तेलानं झालं का हे?" जनाबाईंनी विचारले.

"नाही. लहानपणी कान वाहायचा, त्यानं. पण तेल आता बंद."

"हे बुजते काय?" दामिनीने विचारले.

"बुजवता येतं. नागपूरला ऑपरेशन होईल. भरून आलं, की तिथले डॉक्टर पुन्हा तपासतील, मग समुद्राचं ठरवतील. मी आज शब्द देत नाही."

दामिनीने सही न झालेला कागद घडी करून पिशवीत ठेवला. "जाईन तं मी जाईनच. किनाऱ्यावर बसन."

"मंग मीबी येतो," जनाबाई म्हणाल्या. "तुह्यावर भरोसा नाही."

दोघी गेल्या. ती समुद्रापाशी बसली का, नागपूरला गेली का, मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी मला पुसले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

मित्रांनो, कान दाखवायला याल तेव्हा तो आहे तसाच घेऊन या. त्यात तेल, काडी, पिन काही घालू नका. मनाजोगते उत्तर मिळाले नाही, तर माझ्यावर खुशाल रागवा, मला सवय आहे. पण चव लागते, गरगरते, भीती वाटली होती, हे सगळे सांगा. माझा उजेड बोटभर आत जातो. त्याच्या पुढचे मला तुमच्याकडूनच कळते.