चोर ओळखणारा बैल

गर्दी म्हणजे किती गर्दी! बाजाराचा दिवस होता खरा, पण त्या दिवशी बाजार नुसता नावाला. भाजीवाल्या बायका टोपल्यांवर ओली फडकी टाकून निघून आलेल्या. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून पळत आलेला, आणि ते गिऱ्हाईक उरलेल्या गालावर साबण घेऊन त्याच्या मागोमाग! शेठच्या दुकानाच्या ओट्यावर पत्ते कुटणारी चौकडीसुद्धा उठली होती. ही तीच मंडळी, जी दुकानाच्या छपराला आग लागली तेव्हाही हातातला डाव संपवूनच उठली होती.

आणि हे सगळं कशासाठी? तर एका बैलासाठी.

पांढराशुभ्र बैल, शिंगांवर पितळी टोप्या, डोळ्यांवर काळी पट्टी. शेजारी बैलबाबा, पोटापर्यंत दाढी आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतलं तान्हं पोरही दचकावं.

"माणसाच्या कोर्टाला वकील लागतो, साक्षीदार लागतो, शिक्क्याचा कागद लागतो!" बाबा गरजला. "आमच्या या न्यायाधीश महाराजांना काय लागतं? एक पेंढी कडबा! यांचे डोळे बांधलेत. का? तर यांना तोंडं बघायचीच नाहीत. श्रीमंत कोण, गरीब कोण, यांना ठाऊक नाही. यांना फक्त पापाचा वास येतो!"

"आणि पाणी लागत नाही वाटतं?" अर्ध्या दाढीवाला पुटपुटला. लोकांनी त्याला गप्प केलं.

भानगड अशी झाली होती. दरवर्षी नांगरटीची शर्यत व्हायची, आणि जिंकणाऱ्याला जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाने दिलेला चांदीचा पेला मिळायचा. वर्षभर तो शेठच्या दुकानात काचेच्या कपाटात असायचा. आठ दिवसांपूर्वी कपाट उघडं आणि पेला गायब! साहेबाचा निरोप आला, पेला नाही तर शर्यत नाही. शर्यत नाही म्हणजे जत्रा नाही, पाहुणे नाहीत, वर्षातली एकमेव मजा नाही. सगळ्यांची डोकी फिरलेली. त्यात हा बाबा आला, आणि शेठने त्याला मुक्कामाला जागाच दिली.

पेला गेला त्या दिवशी जे जे दुकानात आले होते, ते अकरा जण ओट्यापुढे ओळीत उभे केले होते. त्यात घणदादा होता. घणदादा म्हणजे बैलांना नाल ठोकणारा नालबंद. दंड ओंडक्यासारखे, बोलणं मात्र मोजून. तो त्या दिवशी खिळे घ्यायला आला होता, एवढाच त्याचा गुन्हा. पण खरं सांगू? तोही घाबरला होता. कारण बैलाचा न्याय तोही मनातून मानायचा. ते सगळे जनावरांबरोबर जगणारे लोक. माणूस थापा मारतो, बैल कशाला मारेल? बैल अडला तर रस्त्यात काहीतरी असणारच, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बाबाने नेमकी तीच जागा पकडली होती.

घणदादाच्या शेजारी उभी होती दाभणमावशी. दुकानामागच्या खोलीत ती धान्याची पोती शिवायची. खोली एवढीशी, एक खिडकी, एक तिवई आणि छतापर्यंत गोणपाट. त्याच गोणपाटावर ती झोपायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मागे कुणी नाही. ती खोली आणि ते दाभण, एवढ्यावर तिचं सगळं चाललेलं.

"हात दाखवा! पालथे नको, उताणे!" बाबाचा चेला ओळीतून निघाला. ओल्या फडक्याने एकेकाचे तळवे पुसत होता. "वरचा मळ निघाला की आतलं पाप दिसतं हो!"

घणदादाचे तळवे पुसले. थंडगार वाटलं. मग मावशीचे पुसले.

"आई गं!" मावशीने हात झटकला. "झोंबलं की रे मेल्या!"

"पापाला झोंबतंच, बाई," चेला म्हणाला आणि पुढे सरकला.

बैल सोडला. लोक टाचा उंचावून बघायला लागले. बैल एकेका हाताशी नाक नेत होता, फुस्स करून पुढे जात होता. शेतमजूर सुटला. कुंभार सुटला. घणदादाच्या तळव्यावर गरम श्वास आला आणि गेला. सुटलो बाबा, असं त्याला इतकं जोरात वाटलं की शेजारी कोण आहे हेही तो क्षणभर विसरला.

बैल मावशीपाशी थांबला. लांब, खरखरीत जीभ काढली आणि तिचे दोन्ही तळवे चाटायला लागला. चाटतोय, चाटतोय, हलायलाच तयार नाही.

"निकाल!" बाबाने दोन्ही हात वर केले.

आणि मग जो गलका उठला! शेठ तरातरा मागच्या खोलीत गेला. तिवई बाहेर आली. मग कात्री, मग सुतळीचा गुंडा, तो घरंगळत थेट गटारापर्यंत. मग तिचं एकुलतं एक जाड लुगडं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस? पेला दे आणि चालती हो!"

"शेठ, मी नाही घेतला हो. मी कशाला घेऊ? ठेवू कुठे तो?"

"बैल खोटं बोलतो का?" कुणीतरी ओरडलं. "बैल खोटं बोलतो का?" मग सगळेच ओरडायला लागले. कालपर्यंत तिच्याकडून फाटकी पोती शिवून घेणारे, तिला मावशी म्हणणारे. एकाने तर मातीचं ढेकूळ उचललंही.

घणदादा मात्र स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. खिळे ठोकून ठोकून त्यांना चिरा पडलेल्या. मावशीच्याही बोटांना दाभणाच्या चिरा. मग फडकं तिला झोंबलं आणि आपल्याला का नाही?

आणि त्याला सकाळ आठवली. हाच बैल सकाळी त्याच्याकडे नाल मारायला आणला होता. बैल पाडला, चारी पाय बांधले, आणि घणदादा ठोकायला वाकला तर हा पठ्ठ्या पडल्या पडल्या त्याचा घामेजलेला दंड चाटायला लागला. उभा केल्यावर भिंतीकडे गेला आणि खारट लोणा फुललेला गिलावा चाटत बसला. घणदादाने विचारलंसुद्धा होतं, "याला मीठ देत नाही का रे?" मिठावर सरकारने कर बसवल्यापासून बरेच जण जनावरांना मीठ घालेनासे झाले होते, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण चेल्याने घाईघाईने म्हटलं होतं, "देतो की, रोज देतो!" आणि बैल ओढत नेला होता.

"थांबा," घणदादा म्हणाला. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग त्याने ओट्याच्या लोखंडी खांबावर हातोडा असा हाणला की कावळे उडाले. "थांबा म्हणतो ना! मावशी, तुझा हात चाट."

"काय?"

"अगं, चाटून बघ."

मावशीने भीत भीत बैलाची जीभ न लागलेलं एक बोट चाखलं. "खारट."

"चोराचा घाम खारटच असतो!" बाबा लगेच ओरडला.

"असेल बुवा," घणदादा म्हणाला. "माझाही सकाळी होता. तुमच्या न्यायाधीशांनी माझा दंड चाटून चाटून सोलला, तेव्हा का नाही मला धरलं? आता असं करा. अकराही जणांनी हौदावर हात धुवायचे. सगळ्यांदेखत. आणि बैल पुन्हा फिरवायचा."

"न्यायाधीश दिवसातून एकदाच निकाल देतात!"

"निकाल नका देऊ. नुसतं चालू द्या. नाल मी मारलेत, लंगडतो का बघतो."

गर्दीत खसखस पिकली. आता नाही कसं म्हणणार? अकरा जणांनी हात खसाखसा धुतले. दोर घणदादाने धरला. पट्टी तशीच. बैल पुन्हा निघाला. शेतमजूर, कुंभार, घणदादाची रिकामी जागा, आणि मावशी. मावशीच्या हातावर फुस्स केलं आणि सरळ पुढे गेला! ओळ संपली. बैल थांबेना. नाक वर करून तो वळला, चेल्याकडे गेला, त्याचा हात मनगटापर्यंत चाटला, मग तोंड खुपसून त्याच्या कमरेला खोचलेलं दुसरंच एक ओलं फडकं ओढून काढलं आणि डोळे बांधलेल्या अवस्थेत मिटक्या मारत चघळायला लागला.

"धरा चोराला!" अर्ध्या दाढीवाला किंचाळला, आणि अख्खा बाजार हसत सुटला.

घणदादा हसला नाही. त्याने फडकं बैलाच्या तोंडातून सोडवलं आणि शेठपुढे धरलं. "तुम्ही विकता. ओळखा."

शेठने टोक जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. "मीठ. मिठाचं पाणी."

"दोन फडकी. एक साध्या पाण्याचं, सगळ्यांसाठी. एक मिठवणीचं, मावशीसाठी. बैलाला आधी आठ-पंधरा दिवस मीठ तोडायचं. मग डोळे बांधा नाहीतर कान, तो मीठ शोधणारच. त्याला वास येतो, चव लागते."

आता बाबा पळेल असं सगळ्यांना वाटलं. पण तो दोर गुंडाळत शांतपणे म्हणाला, "मीठ मी लावलं, कबूल. पण बाई मी नाही निवडली. मी या गावात परवा आलो, मला काय माहीत कोण कुठलं? काल ओट्यावर पत्ते खेळताना मी नुसतं विचारलं, तुम्हाला कुणाचा संशय? चौघांनी एकच नाव घेतलं. शेठनेही मान हलवली. तुम्हाला जी हवी होती, तीच मी दिली."

हसू कुठल्या कुठे गेलं. चौकडी जमिनीकडे बघायला लागली. बाबा आणि चेला बैल घेऊन निघाले, कुणी अडवलंही नाही.

"मग पेला कुणी नेला?" शेठने घसा खाकरून विचारलं.

"माहीत नाही," घणदादा म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. शोधू. कपाटाची किल्ली कुणाकडे असते, कुलूप तुटलं होतं की उघडलं होतं, हे कुणी विचारलं का? तोवर माहीत नाही असंच म्हणायचं. जीभ झडत नाही तेवढ्याने."

शेठ हळूच मावशीला म्हणाला, "राहा की आता. झालं गेलं विसरून जा."

मावशी गटारातला सुतळीचा गुंडा काढून पदराला पुसत होती. तिने शेठकडे पाहिलंच नाही. घणदादाने तिवई उचलून दिली तेव्हा तिने विचारलं, "तो बैल मिठाला हपापलाय, हे तुला सकाळीच कळलं होतं?"

घणदादा म्हणाला, "दिसलं होतं. पण तो माझ्यावरून पुढे गेला, मावशी. सुटलो असं वाटलं. मग डोकं चालायचंच थांबलं."

"हं," एवढंच म्हणून मावशी खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. त्याआधी त्या खोलीला दिवसा कधी कडी लागली नव्हती.

पेला आजतागायत सापडलेला नाही. शर्यत त्या वर्षी झाली नाही. पण नालबंदीच्या छपराखाली कुणी नव्या बाबाची गोष्ट काढली की घणदादा हातोडा खाली ठेवतो आणि म्हणतो, "बैल त्या दिवशी खोटं बोलला नाही रे. तो म्हणाला, इथे मीठ आहे. चोर हा शब्द त्याच्या तोंडात आपण घातला. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर बघा, खुशाल बघा. फक्त ढेकूळ उचलण्याआधी विचारा, हे झालं कसं? पुन्हा करून दाखवता का? हात धुऊन? आणि तुम्ही सुटलात म्हणून गप्प बसू नका. शेजारच्याचा हात एकदा चाखून बघा."