माझ्या पाठीवरचे काळे ओघळ

मित्रांनो, बहारीनमधल्या अदलिया भागात कधी आलात तर कॅफेंच्या पाट्या वाचता वाचता जरा मान वर करा. एका बैठ्या व्हिलावर करडं, उतरतं आणि पाठीवर टक्कल पडलेलं छप्पर दिसेल. तोच मी. मी कौलारू नाही की सिमेंटचा नाही, मी डांबरी शिंगलचं छप्पर आहे. डांबर माखलेल्या पातळ पट्ट्या आणि त्यांवर रव्याएवढे दगडाचे दाणे. ते दाणे म्हणजे माझी कातडी. बहारीनचं ऊन तीच झेलते.

सपाट गच्च्यांच्या या वस्तीत मी बसलो, तेव्हा लोक गाड्या हळू करून बघत. घरमालक अहमद पाहुण्यांना आधी मला दाखवायचे, मग दिवाणखाना. मीही जरा फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे सावलीतल्या उतारावर काळे ओघळ उमटले. कोणी म्हणालं सित्र्याच्या रिफायनरीचा धूर, कोणी म्हणालं डांबर वितळलं. खरं तर ते शेवाळ होतं. समुद्रावरची दमट हवा दव होऊन माझ्यावर बसते, आणि माझ्यात मिसळलेली चुनखडीची भुकटी त्या शेवाळाला फार आवडते. पण छपराला विचारतो कोण!

मागच्या खोलीत कैलास आणि पूर्णिमा राहतात. हे जोडपं गुहागरकडचं. तो गाडी आणि घराची देखभाल बघतो, ती स्वयंपाक. ईदला मोठी माणसं येणार होती. अहमद म्हणाले, "कैलास, ये काला काला साफ करो, यल्ला, जल्दी!"

गावी गणपतीआधी चिऱ्याच्या जोत्यावरचं शेवाळ कैलास दरवर्षी तारेच्या ब्रशने खरवडायचा. इथेही तोच हात, तोच ब्रश. शिडी लावून त्याने माझी पाठ अशी घासली की विचारू नका! डाग अर्धे तसेच राहिले, दाणे मात्र झरझर अंगणात पडले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

पूर्णिमाने ते दाणे मुठीत घेतले. "अहो, थांबा! हा मळ नव्हे, छपराची सालच काढलीत तुम्ही!"

संध्याकाळी अहमदनी वर पाहिलं. काळे डाग, आणि शेजारी टक्कल. "ये छत खलास. ईद के पहले निकालो, पत्रा डालो."

कैलास अंगणात पडलेले दाणे झाडू लागला. मित्रांनो, मला फार भीती वाटली. अजून कितीतरी उन्हाळे झेलायचं बळ माझ्यात होतं.

दुसऱ्या सकाळी पूर्णिमा कपडे वाळत घालताना वर बघत राहिली. "अहो, त्या स्वयंपाकघराच्या धुराड्याखालचा एवढाच पट्टा स्वच्छ कसा?"

"धुराड्याच्या बुडाला तांब्याची पट्टी आहे ना," कैलास म्हणाला.

"मग बरोबर! आपल्या पडवीतल्या तांब्याच्या हंड्यात कधी शेवाळ धरलेलं बघितलंत? शेजारचा माठ मात्र हिरवा व्हायचा. आणि मोरीतलं शेवाळ आपण ब्लीचने घालवतो. इथेच घासायचं कशाला?"

कैलासने अहमदना तो पट्टा दाखवला. "ठीक है, ईद तक देखेंगे. इंशाल्ला."

तारेचा ब्रश अडगळीत गेला. कैलासने खालची झाडं झाकली, पातळ केलेलं ब्लीच फवारलं आणि थोड्या वेळाने नळीच्या साध्या धारेने मला आंघोळ घातली. ओघळ विरले. मग माझ्या माथ्यावर तांब्याची लांब पट्टी बसली. आता पाऊस आणि दव तिच्यावरूनच, तांब्याचा अंश घेऊन, माझ्या अंगावर उतरतात आणि शेवाळ धरत नाही.

ईदला अंगण माणसांनी भरलं. एकाही पाहुण्याने वर पाहिलं नाही. पूर्वी मला याचा राग आला असता, पण त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. पत्र्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरच्या छपरालाही जपा. डाग दिसला तर तो कशाचा आहे हे आधी बघा, ब्रश मग उचला. कैलासला हे आता सांगावं लागत नाही. टक्कल राहिलं ते राहिलंच, गेलेले दाणे परत येत नाहीत. दर ईदच्या आधी तो शिडी चढून रिकाम्या हाताने वर येतो आणि त्या जागेवर तळवा ठेवतो. तिथे मी फार तापतो. त्याला चटका बसतो, तरी तो हात लगेच काढत नाही.