बांधावरची माती

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे माझ्या आईनं मला सांगितलं आणि मी सुरभीला. ती पोटुशी असल्याचं कळल्यावर मी पुण्याहून इथं न्यूझीलंडमधल्या टौरंगाला आले ती तिचे डोहाळे पुरवायलाच. नाहीतर या गावात मला काय काम? गाडीशिवाय इथं कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूधसुद्धा आणता येत नाही.

सुरभीला माती खावीशी वाटायची. पुण्यात भाजकी माती विकत मिळते, इथं कुठली? त्यांचं भाड्याचं घर किवीफ्रूटच्या मळ्याला लागून आहे. मळ्यातल्या शेडमागे मातीचा बांध आहे, तिथं एके जागी माती छान भुसभुशीत झाली होती. मला वाटलं, देवच पावला. रोज थोडी आणायची, चाळायची, तव्यावर खरपूस भाजायची आणि वाटीत घालून लेकीला द्यायची. ती लाजत खायची. सुखदेवला, म्हणजे जावयाला, सांगू नकोस म्हणायची. तो उगाच इंटरनेट काढून बसेल. मलाही ते पटलं. बायकांच्या गोष्टीत पुरुषांची लुडबूड हवीच कशाला?

त्या दिवशी तो चहा करायला ओट्याशी आला आणि माझ्या चाळणीकडे बघतच राहिला. चाळणीत करड्या, चेपलेल्या गुंड्यांसारखं काहीतरी उरलं होतं. कुंपणाच्या तारेचे तुकडे असतील म्हणून मी ते रोज फेकून देत होते.

"आई, ही माती कुठून आणलीत?"

मी सांगितलं. "हे माझ्या एअरगनचे छर्रे आहेत," तो म्हणाला.

साळुंक्या शेडमध्ये शिरून फळांच्या पेट्या घाण करतात, म्हणून मळ्याच्या मालकानं सुखदेवला एअरगननं त्या मारायला सांगितलं होतं. नेमाचा सराव करायला तो बांधासमोर डबे टांगायचा. हे मी खिडकीतून पाहिलंही होतं. पण छर्रे पुढे कुठे जातात, याचा विचार मी कशाला करू? ते छर्रे शिशाचे होते, आणि माती भुसभुशीत केली होती ती त्यांनीच. मालक म्हणाला होता, बिनशिशाचे वापर, मेलेली पाखरं घारी खातात, त्यांना विष बाधतं. यानं 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे चालेल, म्हणून मान डोलावली आणि नेम चांगला लागतो म्हणून शिशाचेच वापरले. घारींची काळजी निदान मालकानं तरी केली. माणूस तिथली माती खाईल, हे कोणाच्या बापाला सुचणार होतं?

शिशानं पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, असं तो हळू आवाजात म्हणाला.

आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती खाल्ली? सुरभी म्हणाली, एकदा-दोनदा, चिमूटभर. तेवढं इंग्रजी मला कळतं. माझी लेक मला पाठीशी घालत होती. बाईंचा चेहरा सैल झाला. मग घाबरण्यासारखं काही नाही, पुढच्या तपासणीत बघू, असं त्या म्हणू लागल्या. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट भीतीच वाढली. माझी लाज राखायला बाळाची तपासणी तशीच राहणार होती.

"नो," मी म्हणाले. "आय गिव्ह. एव्हरी डे." आणि किती ते हाताचा पसा करून दाखवलं.

रक्त लगेच घेतलं. रिपोर्ट आला, तेव्हा त्यात शिसं निघालं. फार नाही, पण आहे. माती बंद, गोळ्या सुरू, पुन्हा तपासणी. बाळाचं आज काही सांगता येणार नाही, म्हणाल्या.

सुखदेवनं बंदूक मालकाला देऊन टाकली.

सुरभी पलंगावर पडली होती. मळ्यात पाणी सोडलं होतं, ओल्या मातीचा वास आत आला. तिनं तो खोल ओढून घेतला. मी उठून खिडकी लावली.

"आई, डोहाळे अर्ध्यावरच राहिले. कान फुटेल का गं त्याचा?"

माझी इंजिनीअर झालेली मुलगी. सगळं थोतांड आहे, असं म्हणणार होते. पण थोतांड असेल, तर मी तिला इतके दिवस ते विष कशासाठी भरवलं?

"नाही फुटणार," मी म्हणाले, आणि तिच्या पोटावर हात ठेवून बाळ हलायची वाट बघत बसले.