आतली कडी

"कडी आतून कशाला?" बायकोनं विचारलं.

तो स्टुलावर उभा राहून दाराच्या चौकटीत स्क्रू पिळत होता. आणखी दोन स्क्रू तोंडात धरलेले होते, त्यामुळे उत्तर टाळायला आयतंच निमित्त मिळालं. सून हॉस्पिटलातून मिळालेला कागद घेऊन मागे उभी होती. घरात रोग्याला वेगळं कसं ठेवायचं, याच्या सूचना त्यावर छापल्या होत्या आणि सातव्या सूचनेत रोग्यानं आतून कडी लावू नये असं स्वच्छ म्हटलं होतं. तिनं ते दोनदा वाचून दाखवलं. शेवटी त्यानं तोंडातले स्क्रू काढले.

"कागद लिहिणाऱ्याला माझी बहीण माहीत नाही," तो म्हणाला.

हॉस्पिटलात तो लिफ्टमन होता. काम काय करता असं कुणी विचारलं, की "माणसं वर पोचवतो" असं सांगायचं आणि समोरचा दचकला की "खालीही मीच आणतो" अशी पुस्ती जोडायची, हा त्याचा एकतीस वर्षांचा ठेवणीतला विनोद. साथ आली, पाचवा मजला तापाच्या रोग्यांसाठी राखून ठेवला गेला आणि त्या विनोदाला हसणारं कुणी उरलं नाही. खोकणारी, धापा टाकणारी माणसं दिवसभर त्याच्या खांद्याला खांदा लावून वर जात. दुपारच्या पाळीचा लिफ्टमन आडवा पडला, तेव्हा आता आपली पाळी, हे त्यानं ओळखलं. निवृत्तीला सात महिने उरले होते. रजा मागून पाहिली, मिळाली नाही. मग तो घराच्या तयारीला लागला.

घर तीन खोल्यांचं. त्यातल्या मागच्या खोलीलाच तेवढं स्वतंत्र बाथरूम होतं आणि त्या खोलीत ताई राहायची. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर नऊ वर्षांपूर्वी ती एक ट्रंक घेऊन इथं आली होती. गुडघे धरलेले, दम्याचा जुना त्रास आणि जीभ अशी की सून तिला वचकून असायची. खोली सोडायला सांगितल्यावर ताई घर डोक्यावर घेणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिनं एका सकाळीत सामान आवरलं, ट्रंक बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायला लावली आणि फरशी स्वतः फिनाइलनं पुसून काढली. एवढंच म्हणाली की, आपल्याला बाहेर काढायची काही गरज नाही, या खोलीत दोन खाटा सहज मावतील. सगळे हसले. तो हसला नाही. संध्याकाळी येताना तो कडी घेऊन आला.

सुनेनं ताट, वाटी, पेला वेगळा काढला. बादली, मग, थर्मामीटर, वाफ घ्यायचं भांडं, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं आत गेलं. मुलानं दारापासून सहा फूट मोजून खडूनं रेघ मारली आणि ताट दाराशी ठेवून रेघेमागं यायचं, मगच आतून दार उघडेल, अशी आईकडून दोनदा रंगीत तालीम करून घेतली. तिसऱ्या खेपेला बायकोला हसू आवरेना. मग ती एकाएकी रडायला लागली.

चार दिवसांनी कामावर असतानाच त्याचं अंग कसकसलं. त्यानं घरी फोन करून सगळ्यांना स्वयंपाकघरात जाऊन थांबायला सांगितलं, कुठंही हात न लावता थेट मागच्या खोलीत गेला आणि कडी घातली. पाठोपाठ दारावर थाप पडली.

"छोट्या, दार उघड."

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला या नावानं हाक मारणारं आता ते एकच माणूस उरलं होतं.

"नाही."

"मी तुझ्याहून मोठी आहे."

"म्हणूनच नाही."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. रेघेच्या पलीकडं तिनं ठाण मांडलं, ते मांडलंच. बायकोनं विनवण्या केल्या, मुलानं रागावून पाहिलं. ताईचं म्हणणं एकच, रेघ तुम्हीच मारली आहे, मी ती ओलांडलेली नाही.

दिवस तापात आणि गप्पांत जात. गप्पा सगळ्या जुन्याच. पत्र्याच्या छपराचं घर, धुलाई कारखान्यात इस्त्रीचं काम करणारी आई, आणि तो गोवराचा महिना. तो तेव्हा सहा वर्षांचा होता, ताई अकराची. दोघांनाही गोवर आला म्हणून एका खोलीत कोंडून घातलं होतं. भिंतीवरच्या ओलीच्या डागांत ती त्याला उंट आणि जहाजं दाखवायची. तिचं शाळेचं पुस्तक तिनं त्याला इतक्यांदा वाचून दाखवलं, की शाळेत नाव घालायच्या आधीच तो वाचायला लागला. त्याला विचाराल तर त्याच्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

सहाव्या दिवशी ताप चढला होता. गमतीनं, जन्मभर चिडवत आला तसंच, तो म्हणाला, "शाळेतून गोवर आणलास आणि मला दिलास. आई तुला किती बोलली होती."

बाहेर खुर्ची करकरली.

"मला नव्हता गोवर," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"तुला आला होता, शेजारच्या पोरांकडून. आई तुला कोंडून कामावर गेली. तू दारावर डोकं आपटत होतास. मी मागं जाऊन खिडकीतून आत आले."

"आणि आई?"

"तिला सांगितलं, मलाही कालपासून ताप आहे, वर्गात बऱ्याच जणींना आलाय. नाहीतर तिनं मला बाहेर ओढलं असतं. पुढं आठ-दहा दिवसांनी आलाच की खरा."

तो उठून बसला. खोली गरगरली. त्या महिन्यात तिची वार्षिक परीक्षा बुडाली होती. वर्ष गेलं, पुढच्या वर्षी घरात पैशाची अडचण निघाली आणि तिची शाळा राहिली ती राहिलीच. पुढं तो दहावी झाला, नोकरीला लागला. ताई मात्र आईबरोबर इस्त्रीला जायला लागली होती.

"तुझी शाळा गेली, ताई."

"गेली खरी." ती म्हणाली. "पुस्तक वाया नाही गेलं पण."

त्यानं दाराकडं पाहिलं. "या वेळी येऊ नकोस. तुला माझी शपथ आहे."

"येते कशी? खिडकीला गज आहेत," ती म्हणाली. "आणि गुडघे तरी कुठं राहिलेत?"

पंधराव्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. घरात दुसऱ्या कुणालाही ताप नव्हता. तो बाहेर आला, तेव्हा मुलगा, सून, बायको सगळी एकदम बोलायला लागली. ताईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, दाढी कर म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत जाऊन बाहेरच्या खोलीत आडवी झाली. जेवायलाही उठली नाही.

अंघोळ, दाढी उरकून तो तिकडं गेला. चादरीबाहेर आलेले तिचे पाय त्याला दिसले. चौदा दिवस खुर्चीवर लोंबकळून ते घोट्यांपर्यंत सुजले होते. बोटांनी दाबलं की खळगा पडत होता आणि तो लवकर भरत नव्हता. त्यानं वाटीत तेल कोमट करून आणलं आणि खाली फरशीवर बसून तळव्यांना चोळायला सुरुवात केली. बायको चहा घेऊन आली, तिला त्यानं खुणेनंच कप बाजूला ठेवायला सांगितलं.

कुणी पायांना हात लावला की झटकन पाय ओढून घ्यायची ताईची सवय होती. तिच्या मिटलेल्या पापण्या हलल्या. ती जागी आहे हे त्याला कळलं. पण तिनं डोळे उघडले नाहीत आणि पायही ओढून घेतले नाहीत.