ऋतुजाचा घास

मला मुळात धीर नाही. आई म्हणते, लुंबिनीला चहा उकळेपर्यंतसुद्धा उभं राहवत नाही. अशा मुलीनं विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं ठरवलं तेव्हा नांदेडची आमची सगळी गल्ली हसली. मी मात्र पदविका पहिल्या वर्गात काढली, निलंग्याच्या एका शाळेत रुजू झाले आणि पेपरात लिहिलं तसंच वर्गात घडणार, अशा तोऱ्यात होते.

माझ्या वर्गात ऋतुजा होती. वय बारा, अंगानं धडधाकट. पण ताट पुढं आलं की तोंड उघडून नुसती बसायची. कुणी भरवलं तरच खायची. तिची आई बाळंतपणातच गेली होती. आजीनं, कस्तुराबाईंनी, तिला वाढवलं. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "म्याडम, लिवणं-वाचणं ऱ्हाऊ द्या. हिला हातानं खाया शिकवा. मी गेल्यावर हिला कोण भरवंल?"

"तीन महिन्यांत शिकवते," मी छातीठोकपणे सांगितलं.

दुपारच्या सुट्टीत ती छाती कुठल्या कुठं जायची. ऋतुजा तोंड उघडून बसलेली, बाजूला आणखी आठ मुलं, कुणाचं वरण सांडलेलं, कुणी पळालेलं. तिचं ते उघडं तोंड मला बघवायचं नाही. मग मीच भरवायचे. पाच मिनिटांत ताट साफ. शाळेच्या सेविका नागम्मा कानडी मुलखातल्या. त्या लांबूनच "बेड, बेड" म्हणजे नको, नको म्हणत मान हलवायच्या. मला राग यायचा. पदविका माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती.

"खाल्लं का पोरीनं?" कस्तुराबाई रोज संध्याकाळी विचारायच्या.

"खाल्लं की," मी म्हणायचे. हातानं खाते, असा त्यांनी अर्थ घेतला. मीही तो घेऊ दिला. घरी त्या सवयीनं भरवतच होत्या, म्हणून ते उघडं पडलं नाही.

दिवाळीनंतर एका शनिवारी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला गेल्या. निघताना म्हणाल्या, "तुमच्यामुळं बिनघोर चाललेय, म्याडम." सोमवारी ऋतुजाची चुलती तिला घेऊन शाळेत आली. पोरीचे ओठ सुकलेले. चुलती काकुळतीनं सांगू लागली, "सासूबाई म्हणाल्या, पोरगी हातानं खाती आता. म्हणून ताट वाढून शेतात जायची मी. आल्यावर बघावं तर ताट तसंच. मला वाटलं, आजीची याद यायलीय. दोन दिवस पाण्याबिगर काय घेतलं न्हाई हिनं."

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून रडले. राजीनामा द्यायचा, नांदेडची गाडी धरायची, एवढंच डोक्यात होतं.

नागम्मा आल्या. "तुम्ही रडायलात, तिकडं पोरगी उपाशी हाय. चला."

त्या ऋतुजाच्या मागं बसल्या. तिचा हात आपल्या हातात धरून घास उचलला, तोंडापाशी नेला आणि अगदी दोन बोटांवर असताना हात सोडला. ऋतुजा थांबली. मग उरलेलं दोन बोटांचं अंतर तिनं स्वतः कापलं. हीच पद्धत मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिली होती. नऊ मिळाले होते.

कस्तुराबाई काळा चष्मा लावून परतल्या तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी संस्थेत तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

"मी बी बारा वर्सं हेच केलं की," त्या म्हणाल्या. "बघवलं न्हाई म्हणून भरवलं. पर म्याडम, आता खोटं बोलू नका."

त्या बाईचे उपकार मी फेडू शकणार नाही.

पुढचे पाच महिने आम्ही हात सोडायला शिकलो. आधी दोन बोटांवर, मग वीतभर, मग थेट ताटावर. मी अधीर झाले की नागम्मा मला हात पाठीमागं बांधून उभं करायच्या, शाळेतल्या खोडकर मुलासारखं. भिंतीवर वरण उडालं, माझ्या तीन साड्या वाया गेल्या. आणि मार्चमधल्या एका दुपारी, मी मदतीला हात पुढं केला तेव्हा ऋतुजानं तो कोपरानं ढकलला. इतका गोड अपमान माझा आजवर कुणी केलेला नाही. मी नागम्मांच्या पाया पडले. त्या लाजून "बेड, बेड" करत राहिल्या.

त्या रविवारी कस्तुराबाईंनी मला गावी जेवायला बोलावलं. चुलती तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकत होती. ऋतुजा माझ्याशेजारी बसून, बोटं बरबटवत, आपल्या चालीनं खात होती. कस्तुराबाई सवयीनं तिच्याकडं वळल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि मग आपलं ताट पुढं ओढलं. भाकरीतून वाफ निघत होती.

"हिला भरवूस्तवर माझी रोज गार व्हायची," त्या म्हणाल्या. "बारा वर्सांनी गरम भाकर खायलेय बघा, म्याडम."