दोन डोक्यांचा गरुड

मी एक जुनी भरतकामाची मशीन आहे, भंगार नाही. हे आधीच सांगते, कारण लोक माझा उडालेला रंग बघतात आणि लगेच वजन विचारतात.

मित्रांनो, माझा जन्म लुधियान्याचा. तिथून आले ती थेट सुरतेला, उधन्यात, पुष्पाबाईच्या खोलीत. पुष्पाबाई धुळ्याकडची. पायाने मला चालवायची आणि पदरावर मोर काढायची. त्या मोराचा डोळा बघायला कतारगामच्या शेठाणी जिना चढून यायच्या. मग कॉम्प्युटरवाल्या मशीन आल्या. एका दमात बारा मोर, सगळे सारखेच मठ्ठ. माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी बसली. राग लई आला, पण बरणी पडू दिली नाही.

बाईचा पोरगा गजेंद्र तसल्याच कारखान्यात कामाला. माझ्या जागी त्याला फ्रीज ठेवायचा होता. भंगारवाल्या बन्सीलालला त्याने शुक्रवारी बोलावलं.

आणि गुरुवारी तेऊता आली. बाई अल्बानिया देशाची, नोकरी हजिऱ्याच्या बंदरावर, हिंदी मोडकी. हातात लाल कापड. त्यावर तिला काळा, दोन डोक्यांचा गरुड पाहिजे होता. तो त्यांच्या झेंड्यावर असतो.

"कारखाने का नहीं, पैरवाला चाहिए," ती म्हणाली. "दादी ऐसे बनाती थी."

पुष्पाबाईने बरणी उतरवली आणि चिंधीवर एक डोकं काढून दाखवलं. तेऊताने मान आडवी हलवली.

"बघ, नाही म्हणते," गजेंद्र म्हणाला.

"नहीं नहीं. हमारे यहाँ ये हाँ है."

"देशच उलटा दिसतोय," गजेंद्र पुटपुटला.

तेऊताने छातीवर हात ठेवला. "शनिवार को लेने आऊँगी. बेसा."

पुष्पाबाईला वाटलं, बाई दमली. सुरतेत आल्यागेल्याला 'बेसो' म्हणतात, म्हणजे बसा. तिने स्टूल पुढे सरकवलं. "बेसो, बेसो."

तेऊताचे डोळेच भरून आले. बसली आणि सांगायला लागली. बेसा म्हणजे दिलेला शब्द. तुर्कांच्या राज्यात त्यांना त्यांच्या भाषेत शिकायची बंदी होती. पुस्तकं लपवून शिकावं लागायचं. कागदावर भरवसा नव्हता, बोललेलाच खरा. दुसऱ्या महायुद्धात परक्या ज्यू लोकांना त्यांनी घरात लपवलं, ते याच एका शब्दावर.

"आपने भी बेसा दिया," उठताना ती म्हणाली. "अब पक्का."

ती गेल्यावर गजेंद्र हसला. "मम्मी, कापड दे इकडे. कारखान्यात एका तासात काढून आणतो. तिला काय कळणार?"

पुष्पाबाईने सुईत काळा दोरा ओवला.

शुक्रवारी सकाळी बन्सीलाल आला. पहिलं डोकं झालं होतं, दुसरं अर्ध्यावर होतं. त्याने माझ्या पायाला दोरी बांधली. पुष्पाबाईने माझ्या पायपट्टीवरचा पाय काढलाच नाही.

"मावशी, उठो ना. टेम्पो खडा है."

"मम्मी, तमाशा नको," गजेंद्र म्हणाला. "तू तिला स्टूल दिलंस. शब्द कुठे दिलास?"

पुष्पाबाई घरच्या अहिराणीत बोलली, हळू. "मी काय म्हनं ते सोड. तिनी काय ऐकं?"

"बेसा."

"मंग तेच दिधं मी."

गजेंद्र दारातून पुढे आला. मग वाकून त्याने स्वतः दोरी सोडली. बन्सीलाल शिव्या देत जिना उतरला. फार गोड वाटल्या मला त्या.

शनिवारी तेऊता सांगितल्या वेळेला आली. गरुड तयार होता, दोन्ही डोकी ताठ. अठ्ठावीस नोव्हेंबरला, त्यांच्या स्वातंत्र्याच्या दिवशी, तो तिच्या खांद्यावर मिरवला. आता तिच्या देशाचे आणखी दोघे कापडं घेऊन बसलेत. फ्रीज कुठे ठेवायचा ते गजेंद्र बघेल.

तर मित्रांनो, जुन्या मशीनला आठवड्यातून दोन थेंब तेल द्या, जास्त मागत नाही मी. आणि विकायला काढण्याआधी घरात एवढं विचारा, की तिच्या भरवशावर आईने कुणाला शब्द दिलाय का.