दुसरं बोलावणं

माझा नवरा प्रशील एखाद्याला बोलावतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला येऊ नका असंच सांगतोय.

"रविवारी संध्याकाळी पाचला आमच्याकडे संगती असते," तो कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर पोरांना सांगतो. "दोन-चार गाणी, थोडं वचन, चहा. जमलं तर या. नाही जमलं तरी काही नाही. आणि परीक्षा असेल तर अजिबात नका येऊ."

"नक्की येतो सर," पोरं म्हणतात. आणि नक्की येत नाहीत.

धुळ्याच्या आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, आम्हाला जूनमध्ये जळगावला पाठवलं, ते कॉलेजच्या मुलामुलींमध्ये नवी मंडळी उभी करायला. सोबत एक गिटार, लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि दात यायच्या बेतात असलेली आमची कृपा. धुरपदाअक्कांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला, कारण ती गल्ली म्हणजे नुसत्या पोरांच्या खोल्या. यावल, चोपडा, पहूर, जामनेर, सगळ्या तालुक्यांतली पोरं तिथे दाटीवाटीनं राहतात. प्रशीलला वाटलं, विहिरीच्या काठावरच जागा मिळाली.

डिसेंबर आला तरी विहीर कोरडीच होती. दर रविवारी संगतीला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या बैठकीला, समोर बसायचे तीन जण. मी, कृपा, आणि नर्सिंगला शिकणारी वृषाली. ती मूळची आमच्याच मंडळीतली, म्हणजे धुळ्याहून आणलेलं विरजण. तिची ड्यूटी असली की दोघीच. प्रशील तरीही रिकाम्या खुर्च्यांकडे बघून उजवीकडे, डावीकडे, नीट वळून वळून बोलायचा. पाठीमागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून आवाजसुद्धा वाढवायचा. मला हसू यायचं आणि लगेच डोळे भरून यायचे, म्हणून मी कृपाचं दुपटं सारखं करत बसायचे.

मग पितांबर आबांचा फोन आला. आबा आमच्या मिशन कमिटीचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर. घरचं बोलायचं असलं की अहिराणी, आणि ओरडायचं असलं तरी अहिराणीच.

"मी ऐतवारे येस," ते म्हणाले. "काय उगनं ते देखस. काहीच उगनं नसी ते वावर बदलाले पाहिजे, बेटा. आठे वसतिगृहना रेक्टरनी जागा खाली शे. धुयाले परत या."

प्रशीलनं फोन ठेवला आणि खुर्च्या हलवायला लागला. आधी जवळजवळ मांडल्या, मग लांब लांब. कशाही मांडल्या तरी त्या रिकाम्याच दिसत होत्या. रेक्टर होणं वाईट नाही. पण रात्री दिवे मालवणं आणि भांडणं सोडवणं यासाठी हा माणूस घरच्यांशी वैर घेऊन बायबल शिकायला गेला नव्हता. गिटारचं कव्हर त्यानं उगाचच दोनदा पुसलं.

शनिवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. धुरपदाअक्का कठड्याशी पापड राखत बसल्या होत्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही यावलकडचं, मुलाचा केळीचा बाग तिकडेच. त्यांचा देव त्यांच्याजवळ आणि आमचा आमच्याजवळ, हा करार पहिल्याच दिवशी झाला होता.

"काबर वं, तोंड काबर उतरलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगून टाकलं. उद्या मोठे आबा येणार, कोणी आलं नाही तर आम्हाला परत जावं लागणार.

अक्कांनी एक पापड उलटला. "तुहा मालक बोलावतोच कुठं? मी आयकलं ना त्याले. जमलं तर या म्हने. असं काय आवतन असते? मानसाले लाज वाटते अशा आवतनाले जायाची."

"मग कसं बोलवायचं?"

"पहिलं आवतन नुसतं कानावर घालाचं असते. त्याच्यावर कोन्ही येत नही. मानसानं काय समजाचं, खरंच बोलावलं का तोंडदेखलं? त्या दिवशी घरातलं मानूस दारोदार जाते, चला म्हनते, तवा मानूस उठते. दुसरं बोलावनं नही गेलं तर माहा सख्खा भाऊ येनार नही माह्या घरी."

मी म्हटलं, प्रशीलला असं पोरांच्या मागे लागणं आवडत नाही. बळजबरी वाटते त्याला. साधा चहा सोडून खायलासुद्धा काही ठेवत नाही, उद्या कोणी म्हणायला नको की खाऊ घालून पोरं जमवली.

"मागं कोन लागते?" अक्का म्हणाल्या. "बोलावनं म्हनजे मान असते वं." आणि पापडावर बसू पाहणाऱ्या कावळ्याला त्यांनी काठी दाखवली. मला वाटलं, विषय संपला.

रविवारी आबांची गाडी यायला वेळ होता. प्रशील इस्त्रीचा सदरा घालून गिटारची तार पिळत होता. मी आत कृपाला पाजत होते. खिडकीतून खालच्या गल्लीत काठीचा ठकठक आवाज आला, आणि मागोमाग अक्कांचा, केळीच्या बागेत या टोकापासून त्या टोकाला जावा असा.

"ए भो, ऊठ. दिवसा झोपतो का? चला, माह्या घरी चला. पानं वाढली."

दार वाजलं. पुढचं दार वाजलं. "चला रे, पानं वाढली."

आता हे सांगायला हवं की रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या मेस बंद असतात. त्या दिवशी पोरं बिस्किटं किंवा नशीब खातात.

थोड्याच वेळात जिन्यावर भांडी वाजायला लागली. दारात तेजस उभा होता. पहूरचा, इंजिनिअरिंगचा, टपरीवर सगळ्यात जोरात 'नक्की' म्हणणारा. गावच्या पंगतीला जातात तसा तो एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन आला होता. त्याच्या मागे जिनाभर ताटं.

"वहिनी, पंगत वर आहे का खाली?"

"कसली पंगत?" प्रशीलनं विचारलं.

"अक्का बोलावून गेल्या ना, सर. पानं वाढली म्हणे."

अक्का खालून काठी टेकत वर आल्या. मी हळूच विचारलं, "अक्का, हे काय केलंत?"

"दुसरं काय म्हनू मग?" त्या चिडल्या. "साठ वर्सं मी बोलावाले जाते, हेच म्हनते. संगती वाढली म्हनू?"

आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यावरच्या ताटांतून वाट काढत पितांबर आबा वर आले. खोली भरलेली, दार भरलेलं, दोघं-तिघं खिडकीत बसलेले. आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"या बठ्ठा पोरे कोठेन उनात?" त्यांनी विचारलं. "प्रशील, बेटा, मी उगाच बोलनू रे तुले."

मी कृपाला घट्ट धरलं आणि मनात म्हटलं, प्रभू, या माणसाची जीभ फक्त आजची संध्याकाळ धरून ठेव. तो गप्प राहिला तरी खोटं होणार नाही. नुसतं गाणं सुरू केलं तरी चालेल.

प्रशीलनं गिटार खाली ठेवली.

"आबा, ही मुलं जेवायला आलीत," तो म्हणाला. "माझ्या बोलावण्यावर कोणी आलेलं नाही. माझ्याकडे जेवणही नाही." मग पोरांकडे वळून, "माफ करा रे. निरोप चुकीचा गेला. पंगत नाहीये."

कोणाचा तरी तांब्या जिन्यावरून गडगडत थेट खाली गेला. तेजसनं ताट पाठीमागे लपवलं. "काही हरकत नाही सर," तो म्हणाला, आणि पोरं शहाण्यासारखी वळायला लागली. आबांनी एक लाल खुर्ची ओढली आणि ते तिच्यावर बसले.

"थांबा रे," अक्का म्हणाल्या. "माह्या तोंडानं बोलावलेलं मानूस भुकं जाईन? माह्या उंबऱ्यावरून?"

त्यांच्या ओट्यावर यावलहून आलेलं भरताच्या वांग्यांचं पोतं होतं. ते भाच्याच्या घरच्या भरितासाठी होतं, पण भाचा वाट बघू शकतो असं अक्कांनी जाहीर केलं. अंगणात वाळलेल्या पऱ्हाट्या पेटल्या. कपाशीच्या त्या काड्यांच्या धगीत वांगी फुटायला लागली तसा गल्लीतला उरलेला माणूसही बोलावण्याशिवाय आला. मी आणि वृषाली पुऱ्या लाटायला बसलो. पोरांनी मदत म्हणून लाटलेल्या पुऱ्या बघून वृषाली म्हणाली, यांना ॲडमिट करावं लागेल.

पितांबर आबा किती वेळ खुर्चीवर बसणार? बाह्या सारून तेही जाळाशी आले. आणि मग धुळे आणि यावल यांच्यात भांडण लागलं.

"शेंगदाना जास्त पाहिजे," आबा म्हणाले.

"मास्तर, भरीत करून राह्यलो, चिक्की नही," अक्का म्हणाल्या.

प्रशीलला त्यांनी लाकडी बडगीत वांगी ठेचायला बसवलं होतं. दर दोन घावांनी आबा म्हणत, जोरे ठेच, आणि अक्का म्हणत, हळू. कृपा आबांच्या मांडीवर बसून कांद्याची पात नव्या दातांनी चावत होती.

ताटं वाढली तरी पोरं थांबली. तेजस म्हणाला, "सर, तुम्ही लोक जेवणाआधी काही म्हणता ना? म्हणा की."

प्रशील गडबडला. हात वांग्यानं माखलेले. त्यानं तसेच जोडले. "हे अन्न, ही माणसं आणि ज्यांनी बोलावलं त्या अक्का, यांच्यासाठी प्रभू, तुझे उपकार. आमेन."

"लहान हाये, बरं हाये," अक्का मला म्हणाल्या. "पुरी गार नही झाली."

निघताना आबा फाटकाशी थांबले. प्रशीलचा खांदा त्यांनी धरून ठेवला होता. "आजनं मी धरत नही. पुढला ऐतवारे परत येस. जेवन नको ठेवू."

"नाही ठेवणार."

"आनि त्या आक्काले नको धाडू."

तो आठवडा प्रशीलनं कसा काढला ते मला माहीत आहे. पुढच्या रविवारी आबा वेळेआधी आले आणि दाराकडे पाठ करून पहिल्या रांगेत बसले. बघायचं नाही, असं ठरवून आले होते बहुतेक. प्रशील फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. अक्कांनी ओट्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि आपली काठी पुढे केली. त्यानं काठी घेतली नाही. पण गेला.

मी खिडकीत होते. पहिलं दार वाजलं.

"तेजस, आज संगती आहे. जमलं..." तो अडखळला. "चल. तुझ्यासाठी खुर्ची मांडलीय."

"जेवण आहे का, सर?"

"नाही."

"मग काय आहे?"

पलीकडच्या खोलीतला मोबाइल वाजत होता, तो कोणीतरी बंद केला.

"मला तुला येशूबद्दल सांगायचंय," प्रशील म्हणाला. "जूनपासून सांगायचंय. ऐकून तुला नाही पटलं तरी आपला चहा आहेच."

"मग तसं सांगायचं ना, सर," तेजस म्हणाला. "तुम्ही दर वेळी परीक्षेचंच काढता. आम्हाला वाटायचं, क्लास आहे."

प्रशील पुढच्या दाराकडे गेला. तिथून त्याला नकार आला. त्याच्या पुढच्या दारातूनही. पण त्याचा "चला" प्रत्येक दाराशी थोडा मोठा होत गेला, गल्लीच्या शेवटी तर मला खिडकीत न वाकता ऐकू आला.

जिन्यावर पावलं वाजली. आबांनी मान वळवली नाही, पण त्यांचा उजवा कान हललेला मी बघितला. तेजस आला, त्याच्याबरोबर त्याच्या खोलीतले दोघं, आणि वृषाली आपल्या एका मैत्रिणीला ओढत. अक्का जिन्याच्या वरच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसल्या. "मी आयकत नही," त्यांनी मला बजावलं. "अठी वारा येतो."

गाणं झालं. प्रशील वचन सांगताना या वेळी रिकाम्या रांगांकडे वळला नाही. जी मोजकी माणसं समोर होती त्यांच्याशीच बोलला. तेजसनं मध्येच हात वर करून असा प्रश्न विचारला की आबाच खुर्चीत सरसावून बसले.

शेवटी आबा बाहेर जाऊन फोनवर बोलताना ऐकू आले. "हा, त्या वसतिगृहले दुसरा मानूस देखा."

आत प्रशील म्हणाला, आपण प्रार्थनेला उभे राहू या. सगळे उठले, आणि तेजसच्या स्वेटरच्या आतून एक स्टीलचं ताट खणकन फरशीवर पडलं.

"असू दे म्हटलं, सर," तो म्हणाला.